वडाप भरेपर्यंत

८ जून २०२०

आजपासून रोज लिहायचं. काळ मोठा आहे आणि तो लिहून ठेवू शकेल अशी आमच्या घरात मी एकटीच. पहिली ग्रॅज्युएट असण्याच्या काही जबाबदाऱ्या असतात.

आप्पांनी आज जीप बाहेर काढली. मार्चपासून ती लिंबाखाली ताडपत्री पांघरून उभी होती. सणसर ते बारामती वडाप, माणशी भाडं, मी बालवाडीत असल्यापासून. मागे समोरासमोर दोन बाकडी, मधे एक सीट, पुढे आप्पांच्या डावीकडे दोघं आणि बाजाराच्या दिवशी उजवीकडेही एक. तेव्हा आप्पा मधे सरकून, तिरके बसून चालवतात. जीप भरल्याशिवाय हलत नाही, हा वडापचा एकमेव नियम.

आज मात्र ती जवळपास रिकामीच हलली. मी (डेअरीचं ऑफिस, अकाउंट्स), चिंतामणराव आणि काटेवाडीला भाजीच्या पाट्या घेऊन चढलेल्या मुक्ताबाई. चिंतामणराव म्हणजे बारामतीच्या एका वकिलांचे कारकून. पुढची खिडकीची जागा त्यांची. ते आणि आप्पा वाटेत फारसं बोलत नाहीत, नुसते शेजारी बसतात. मुक्ताबाईंनी चढता चढता विचारलं, "जगलास व्हय रं तात्या?" माझे वडील घरात आप्पा, गावाला तात्या. ते म्हणाले, "तुमच्या भाजीवर." मास्क दोघांच्याही हनुवटीवर.

संध्याकाळी आप्पा म्हणाले, "लोक भ्यालेत." मी सांगितलं की भीती म्हणजे माहितीचा अभाव. ते म्हणाले, "व्हय." एखादी गोष्ट पटली की आप्पा एवढंच बोलतात.

११ जून

ऑनलाइन व्याख्यान ऐकलं. विषय: साथीनंतरचा प्रवास. घरात रेंज नाही म्हणून पत्र्यावर चढून बसावं लागलं. वक्ते म्हणाले, लोक आता बस, रिक्षा, शेअर गाडी सोडून स्वतःच्या वाहनाकडे वळणार आणि एकदा वळले की परत येणार नाहीत. मी चॅटमध्ये लिहिलं, "विश्वास निर्माण केला तर येतील. सणसर येथे लवकरच प्रयोग करत आहे." वेळेअभावी माझा मुद्दा घेतला गेला नाही.

पत्र्यावरच संकल्प केला. जन्मभर सार्वजनिक वाहनानेच जायचं. स्वतःची गाडी घ्यायची नाही. स्वतःपुरतं नाही, तत्त्व म्हणून.

१६ जून

'सुरक्षित वडाप' सुरू. आप्पांच्या सीटमागे प्लास्टिकचा पडदा लावला. बाकड्यांवर पेंटने फुल्या मारल्या, तिथे कुणी बसायचं नाही. सॅनिटायझरची बाटली डॅशबोर्डवर, बुद्धाच्या मूर्तीशेजारी. ग्रुप काढला, 'सुरक्षित प्रवास सणसर-बारामती'. मेंबर भराभर वाढतायत. सध्या सगळे गुलाबाची फुलं टाकतात, पण ती सुरुवात असते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळापत्रक. ठरल्या वेळेला जीप निघणार, भरो न भरो. आप्पा म्हणाले, "बाई, भरल्याबिगर गाडी काढायची म्हंजे उगं डिझेल जाळायचं." मी त्यांना नीट समजावलं, की लोकांना वेळेची खात्री दिली की लोक येतात. ते बराच वेळ फुल्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "व्हय."

२३ जून

वेळापत्रकाचा पहिला आठवडा. यशस्वी म्हणायला हरकत नाही.

एकच त्रुटी. काटेवाडीला मुक्ताबाई वेळेवर नव्हत्या, म्हणून मी आप्पांना चला म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर आरशात त्या पाटी घेऊन पळताना दिसल्या. आप्पांनी जीप थेट रिव्हर्स घेतली. मी नियमाची आठवण करून दिली. "म्हातारी पळतीया," ते म्हणाले. मुक्ताबाई चढल्या आणि मला म्हणाल्या, "तुझ्या घड्याळाला सेल जास्ती झालाय का गं?" मागचे सगळे हसले. सगळे म्हणजे दोघं.

ड्रायव्हरला प्रशिक्षण देण्याची गरज आहे. हळूहळू.

६ जुलै

आज एक अवघड प्रसंग आला. मी तो नीट हाताळला असं वाटतं.

ऑफिसात जुनी झालेली ताप मोजायची गन मागून आणली होती. स्टँडवर चढणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला लावत होते. चिंतामणराव आले. त्यांनी आपली डब्याची पिशवी नेहमीसारखी पुढच्या सीटवर ठेवली आणि कपाळ पुढे केलं. आकडा जास्त आला. पुन्हा लावली. पुन्हा जास्त.

ते हळूच म्हणाले, "आत्ताच वाफ घेऊन निघालोय गं ज्योत्स्ना. काढा पण प्यालोय. जरा सावलीत बसतो, मग लाव." मी म्हणाले, चिंतामणराव, नियम सगळ्यांना सारखे. थोडं मोठ्याने म्हणाले, कारण इतरांनाही कळायला हवं होतं. आप्पा खाली उतरले. म्हणाले, "मी वळखतो की त्यांना." मी सांगितलं की विषाणू ओळख बघत नाही.

चिंतामणरावांनी पिशवी उचलली आणि घराच्या रस्त्याला लागले. शिकलेला माणूस आहे, समजून घेतलं असणार. त्याच वेळी आणखी तिघं उतरले. त्यांना बहुतेक काही काम आठवलं.



१० जुलै

आई गिरणीतून ऐकून आली, "तात्याच्या जीपत पेशंट घावला." हे गाव. मी ग्रुपवर सविस्तर खुलासा टाकला. ताप आणि कोविड यातला फरक, गनच्या मर्यादा, चिंतामणराव पूर्ण बरे असल्याची माहिती. नाव घालावं की नाही असा विचार केला, पण पारदर्शकता महत्त्वाची. खुलासा वाचून नऊ जण ग्रुप सोडून गेले. ज्यांना शंका नव्हती तेच गेले असावेत.

आप्पांनी जीप स्टँडवर नेऊन धुतली. सगळ्यांच्या देखत, निरमा घालून, दोनदा.

२९ ऑगस्ट

चिंतामणरावांनी स्कूटर घेतली. साठीजवळ आलेला माणूस. कालव्याच्या रस्त्यावर शिकतात, दोन्ही पाय जमिनीला लावून, बदक चालावं तसे. मला वाटतं हौस असेल. कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या की परत जीपने येतील. एवढा रस्ता स्कूटरने रोज कोण करेल.

आप्पांनी त्यांना बघून हॉर्न दिला. त्यांनी मान हलवली, पण हँडल सोडता येत नव्हतं.

१४ सप्टेंबर

वेळापत्रक तात्पुरतं स्थगित. आप्पा पुन्हा जीप भरण्याची वाट बघतात. ती भरत नाही. मग ऑफिसला उशीर होतो. सर म्हणाले, "ज्योत्स्ना मॅडम, स्वतःचं काहीतरी बघा आता, सगळ्यांनी बघितलं." मी त्यांना साथीनंतरच्या प्रवासाबद्दल सांगायला सुरुवात केली. त्यांना फोन आला.

शेजारच्या मनिषाने स्कूटी घेतली. ती बारामतीला मेडिकलच्या दुकानात आहे. म्हणाली, "चल की, मागं जागा वाया जातीया." मी नम्रपणे नकार दिला.

१७ सप्टेंबर

मनिषाच्या स्कूटीवरून गेले. फक्त आज. ऑडिट होतं.

१८ सप्टेंबर

आजही. ऑडिट दोन दिवसांचं होतं.

५ ऑक्टोबर

तत्त्वाचा मी पुन्हा विचार केला. दुसऱ्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसणं म्हणजेसुद्धा एक प्रकारे सामायिक प्रवास. स्वतःची गाडी घेतलेली नाही. म्हणजे संकल्प मोडलेला नाही.

स्टँडवर आप्पांची जीप उभी असते, म्हणून आम्ही मागच्या बोळाने जातो. बोळ जवळही पडतो. मनिषा म्हणते जवळ पडत नाही.

१८ जानेवारी २०२१

कॉलेजं सुरू होणार अशी चर्चा. मी आप्पांना सांगितलं, पोरं आली की जीपला पाय ठेवायला जागा राहणार नाही. मागचं बाकडं पुसून घेतलं. फुल्या टर्पेंटाइनने काढल्या. पूर्ण निघाल्या नाहीत.

आप्पा म्हणाले, "पोरं मोटारसायकली घेऊन फिरत्याती. वर्सभर घरी बसून त्येच मागितलं आईबापाला." मी म्हणाले, नवेपणा ओसरेल. "व्हय," ते म्हणाले.

१९ एप्रिल

दुसरी लाट. पुन्हा सगळं बंद.

दुपारी इंदिराकाकूंचा फोन आला, चिंतामणरावांच्या मिसेस. चिंतामणरावांना दम लागलाय, अ‍ॅम्ब्युलन्स मिळेना. दारात स्कूटर उभी आहे, पण तिच्यावर बसवणार कसं. काकूंनी तीन घरी विचारलं होतं. चारचाकी असलेली घरं. सगळ्यांचं काहीतरी निघालं.

आप्पांनी चावी घेतली. मी त्यांना अडवलं नाही, फक्त काळजी घ्यायला लावली. माझा गुलाबी रेनकोट घालायला दिला, दोन मास्क, पडदा नीट केला. सांगितलं, पेशंटला मागे आडवं करा, अंतर राहील. आप्पा गुलाबी रेनकोटमध्ये गेले. कुणी हसलं नाही.

रात्री परत आले तेव्हा कळलं की चिंतामणरावांना पुढेच बसवून नेलं. खिडकीशी. मी विचारलं, का. म्हणाले, "त्यांनीच पुढचं दार उघडलं. मी काय सांगू त्यांला, मागं बसा म्हणून?"

एवढंच. मग अंगणात आंघोळ केली आणि जीपमध्येच झोपले.

२२ एप्रिल

चिंतामणरावांना ऑक्सिजन लावलाय. ती फक्त खबरदारी असते. उरलेल्या ग्रुपवर कळवलं की वेळेवर वाहन मिळाल्याने सणसरच्या एका ज्येष्ठ नागरिकाची प्रकृती स्थिर आहे. याचा जीपबद्दलच्या विश्वासावर चांगला परिणाम होईल. ते परत आले की पुन्हा त्याच सीटवर बसलेला त्यांचा एक फोटो काढायचा. परवानगी घेऊन.

२६ एप्रिल

चिंतामणराव गेले.

देह गावाला आणू दिला नाही, आप्पांनाही नाही. दवाखान्याकडेच सगळं केलं.

२७ एप्रिल

आज काही नाही.

१२ मे

रोज कुणी ना कुणी येतं. पहाटे, दुपारी. "तात्या, तेवढं बारामतीला." आप्पा जातात. आता अंतर ठेवा म्हणून मी सांगत नाही. रेनकोट फाटला. आईने तो शिवला, पुन्हा फाटला. मग ते तसेच जायला लागले.

पुढच्या सीटवर मात्र कुणाला घेत नाहीत. बायका मागतात, त्यांना उलटी होते पुढे नसलं की. आप्पा पिशवी देतात.

३ जुलै

लाट ओसरली. दुकानं उघडली. एसटीही आली. मी घरात सगळ्यांना सांगितलं की आता गावाला आप्पांची खरी किंमत कळलीय. अख्ख्या गावात एवढी सेवा कुणी केली? आता वडाप भरणारच. कदाचित सत्कारही होईल. भाषणाचे मुद्दे काढून ठेवते. आप्पा बोलणार नाहीत, मलाच बोलावं लागेल.

२० जुलै

जीपमध्ये कुणी बसत नाही.

मुक्ताबाई काटेवाडीला पुतण्याच्या टेम्पोत बसलेल्या दिसल्या. टेम्पो थांबवून खाली उतरल्या, आप्पांच्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "सुनंनं आन घातली रं. म्हणती, त्या गाडीत किती जण झोपून गेलं." आप्पा म्हणाले, "खरंय तिचं. तुमी टेम्पोनंच जा, पाट्या बी बसत्यात." मुक्ताबाईंनी जाताना सीटवर मेथीच्या दोन जुड्या टाकल्या.

रात्री जेवताना आई म्हणाली, "दुखण्यात सगळ्यांला जीप पायजे हुती." आप्पा म्हणाले, "मेथी कडू न्हाय."

माझ्या मते हा गैरसमजाचा प्रश्न आहे. माहितीपत्रक काढायला हवं.

९ ऑगस्ट

आज जरा गडबड झाली. बोळात पाणी साचलं होतं म्हणून मनिषाने स्कूटी स्टँडवरून घेतली. आप्पा जीपच्या बॉनेटला टेकून उभे होते, जीप रिकामी. मी मनिषाच्या मागे. ओढणी तोंडाला होती, त्यामुळे त्यांनी ओळखलं नसावं.

घरी आल्यावर म्हणाले, "मनिषा चालवती बरी. पण तू मागं बसताना लई मागं सरकतीस. तिचा तोल जातो."

मी सांगितलं की आज अपवाद होता. म्हणाले, "व्हय."

११ ऑक्टोबर

जीप विकली.

इंदापूरकडचा कुणी रोपवाटिकावाला आहे. त्याला मागे रोपांचे ट्रे लावायचे होते, म्हणून बाकडी इथेच काढून ठेवली. दोन्ही आता अंगणात आहेत. आईने एकावर मिरच्या वाळत घातल्या. फुलीचा रंग अजून दिसतो. बुद्धाची मूर्ती घरात आणली.

मी आप्पांना म्हणाले, थोडं थांबायला हवं होतं. महिन्याभरात परिस्थिती बदलली असती. माझ्याकडे एक नवीन योजना होती, लेडीज स्पेशल. ते म्हणाले, "तू सांगितल्यालं सगळं केलं की मी." रागाने नाही म्हणाले. तसं म्हणाले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

१६ ऑक्टोबर

आप्पांनी माझ्यासाठी स्कूटी आणली. राखाडी. "तुला वेळंवर जायला." मी त्यांना स्पष्ट सांगितलं की माझं तत्त्व आहे, मी ही तात्पुरती वापरेन. ते स्कूटी पुसत होते. आरसे त्यांनी माझ्या उंचीला लावून ठेवले होते.

१ नोव्हेंबर

आप्पांना बारामतीत एका गोडाऊनवर वॉचमनची नोकरी लागली. सकाळी माझ्या मागे बसतात. वीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस, मागे बसल्यावर हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नाही. स्वतःच्याच गुडघ्यांवर ठेवतात. खड्डा आला की त्यांचा उजवा पाय दाबला जातो, ब्रेक असल्यासारखा. मला तो जाणवतो.

तरी एक चांगलं आहे. आता आम्ही रोज एकत्र प्रवास करतो. पूर्वी जीपमध्ये एवढं जवळ कधी बसत नव्हतो.

९ नोव्हेंबर

एसटीचा संप. एकही गाडी नाही.

मी म्हणालेच होते. महिन्याभरात परिस्थिती बदलेल, आणि महिना व्हायला अजून दोन दिवस आहेत.

आज स्टँडवर माणसंच माणसं. पण वेगळी. ज्यांनी गाड्या घेतल्या ते त्यांच्या गाड्यांवर निघून गेले. राहिली ती म्हातारी, पोटुशी बाई, काठीवाले, शाळेच्या मुली. ज्यांना स्कूटी चालवता येणार नाही ते सगळे. पळसदेवकडची एक जीप आली तर तिला लटकून गेले. मागच्या फळीवर पाच जण उभे.

आप्पांनी तिकडे पाहिलं. ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही एक जण बसला होता. आप्पा म्हणाले, "गिअर टाकताना लागतं त्याला."

ऑफिसात दिवसभर हिशोब करत होते, डेअरीचा नाही. जीप परत घ्यायची झाली तर काय करावं लागेल याचा. घरी येऊन आप्पांना विचारलं, रोपवाटिकावाला परत देईल का. ते म्हणाले, "त्यानं छप्पर कापलं तिचं."

१५ नोव्हेंबर

थंडी पडली आहे. सकाळी निघालो. आप्पा मागे, मफलर आणि हेल्मेट दोन्ही.

काटेवाडीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक म्हातारी उभी होती. ओळखीची नव्हती. एका डोळ्यावर हिरवं फडकं. ऑपरेशनचा डोळा दाखवायला बारामतीला निघाली असणार. मी तिच्या पुढे गेले होते. आप्पांनी खांद्यावर दोन बोटांनी टकटक केलं. "थांबव." मी म्हणाले, आप्पा, जागा कुठाय. "हाय की," म्हणाले आणि स्कूटी नीट थांबायच्या आत उतरले.

म्हातारीला हाताला धरून आणलं. मागे बसवलं, एका बाजूला पाय. पदर चाकात जाऊ नये म्हणून कमरेला खोचून दिला. तिचे हात माझ्या खांद्यांवर ठेवले. आपलं हेल्मेट तिच्या डोक्यावर घातलं, फडक्याला धक्का न लावता. ती म्हणाली, "किती द्याचं बाबा?" आप्पा म्हणाले, "घरची गाडी हाय." मला म्हणाले, "दवाखान्याच्या दारात उतरव, चौकात नगं. आन् खड्डं बघून घे, डोळा हाय तिचा."

मी विचारलं, तुम्ही कसे येणार. ड्यूटीची वेळ झाली होती.

"येतो की."

निघाले. थोडं पुढे गेल्यावर आरशात पाहिलं. आप्पा रस्त्याच्या कडेला उभे होते आणि त्यांनी हात वर केला होता. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत आप्पांनी मला कधी असा निरोप दिला नव्हता. मीही हँडलवरचा डावा हात काढून वर केला आणि बराच वेळ तसाच ठेवला. म्हातारी म्हणाली, "नीट चालव गं माजे बाई."

त्यांच्याजवळून एक कार गेली. मग दोन मोटारसायकली, दोन्हींच्या मागच्या सीट मोकळ्या. मग दुधाचा टेम्पो.

आप्पांचा हात तसाच वर होता.